कामाच्या घोड्याचा खुराक: खनिजांचं गणित जुळत नाहीये, कोणतं मिश्रण घ्यावं?

चौखूर
नमस्कार मंडळी. घोड्यांचे धागे रोज वाचतो पण विचारायची वेळ आज आली. माझा घोडा गाडीला असतो, आठवड्यातले पाच दिवस, रोज तीनेक तास, बहुतेक दुडकीने, ओझं मध्यम आणि रस्ता चढाचा. वय ९ वर्षं, छातीच्या घेराच्या फितीने वजन ४५० किलो. खुराक सध्या असा आहे: वाळलेलं गवत ७ किलो, ओट ३ किलो दोन वेळा मिळून, गव्हाचा कोंडा दीड किलो, आणि मीठ हाताला येईल तेवढं. हिरवं जवळपास नाहीच.

तक्रार अशी की खुरांच्या कडा खिळ्यांपाशी फुटतात, नालबंद म्हणतो भिंत खिळा धरतच नाही. अंगावर तकाकी नाही. कामावरून आला की छातीवर नि जुंपणीच्या पट्ट्यांखाली पांढरे पट्टे वाळलेले असतात, आणि सुटला रे सुटला की कुंपणाची फळी नाहीतर माती चाटत बसतो. डॉक्टरांनी दात बघितले, जंतांचं औषध झालं, म्हणाले खनिजं कमी पडत असावीत, मिश्रण सुरू करा. आता कुठलं ते समजेना. चाटण वीट, पावडर की ते गोळीखाद्य ज्याला बॅलन्सर म्हणतात?

बजेट स्पष्ट सांगतो, महिन्याला एक डबा. त्याच्या वर जमणार नाही. आणि संध्याकाळचा दाणा मी घालत नाही, पागेवरचा मुलगा घालतो, त्यामुळे फार मोजमापाचं काम नको. वापरलेलं असेल त्यांनी सांगा प्लीज.

अबलख
बॅलन्सर. दुसरा विचारच करू नका. माझे दोन्ही घोडे त्यावर आहेत, अंगावरून हात फिरवला तर हात घसरतो असं अंग आहे, बघणारे विचारतात काय घालता म्हणून. त्यात लायसिन (प्रथिनातला एक घटक) आहे, तांबं-जस्त कीलेटेड म्हणजे सेंद्रिय रेणूला बांधलेलं आहे, यीस्ट आहे, सगळं एकातच येतं. एक डबा मात्र महिनाभर पुरणार नाही, दोन धरा, कामाचा घोडा आहे तर अडीच. शिवाय खुरांचं वेगळं घ्यावं लागेल. घोडा ठेवायचा म्हटलं की एवढं करायलाच लागतं.

खरारा_ताई
खुरांसाठी बायोटिन, म्हणजे बी गटातलं जीवनसत्त्व! रोज १५ ते २० मिलिग्रॅम. आणि घाई करू नका, खूर वरच्या किनारीपासून महिन्याला सेंटीमीटरभरही वाढत नाही, त्यामुळे नवीन चांगली भिंत खाली जमिनीपर्यंत यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. लोक दोन महिने देतात, फरक नाही म्हणतात नि बंद करतात. माझ्या घोडीला पूर्ण वर्षभर दिलं, आता नालबंद स्वतःहून म्हणतो की हिचे खूर दगडासारखे झालेत.

लगाम_सैल
चाटण वीट टांगून द्या. घोड्याला काय कमी आहे ते घोड्याला बरोबर कळतं, तो चाटून घेतो. आमच्याकडे तेच आहे आणि कधी काही अडलं नाही.

पागेतला_जुना
चौखूर, डब्याचं नंतर बघू. दीड किलो कोंडा? रोज?

गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस साधारण १ टक्क्याच्या वर असतो आणि कॅल्शियम त्याच्या आठव्या-दहाव्या हिश्शाइतकं. घोड्याला पाहिजे याच्या बरोबर उलटं, एकूण खुराकात फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट कॅल्शियम. १ ला १ च्या खाली तर कधीच जाऊ द्यायचं नाही. तुमच्या आकड्यांवर ढोबळ हिशोब मांडतो, गवताचे आकडे सरासरी धरलेत. ७ किलो गवतातून कॅल्शियम साडेचोवीस ग्रॅम, फॉस्फरस १४. ओट ३ किलो, कॅल्शियम ३, फॉस्फरस ११. कोंडा दीड किलो, कॅल्शियम २ आणि फॉस्फरस साडेसोळा. बेरीज केली तर कॅल्शियम तीसच्या आत आणि फॉस्फरस एक्केचाळीस. उलटं झालं की नाही?

४५० किलोच्या मध्यम कामाच्या घोड्याला कॅल्शियम दिवसाला साधारण ३२ ग्रॅम लागतं नि फॉस्फरस १९. म्हणजे नुसतं कॅल्शियम बघितलं तर वाटतं की थोडंसंच कमी आहे, चालतंय. पण फॉस्फरस दुपटीच्या वर गेलाय आणि तो कॅल्शियम आतड्यातून शोषू देत नाही. त्यात कोंड्यातला बराचसा फॉस्फरस फायटेट म्हणून (धान्य ज्या संयुगात फॉस्फरस साठवतं ते) असतो, तो फायटेटही खनिजं धरून ठेवतो. मग शरीर काय करतं, रक्तातलं कॅल्शियम सांभाळण्यासाठी हाडांतून काढतं. हे फार काळ चाललं की जबड्याची नि चेहऱ्याची हाडं मऊ होऊन फुगतात, डोकं मोठं दिसायला लागतं, घोडा पाय बदलून बदलून लंगडतो. जुन्या काळी गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हे व्हायचं, कारण त्यांना कोंडा भरपूर मिळायचा. तुमचा घोडा तिथवर गेलाय असं मी म्हणत नाही पण दिशा तीच आहे. या खुराकावर कुठलाही डबा ओतला तरी गणित जुळणार नाही.

कोंडा काढा आणि त्या जागी दीड किलो वाळलेली लसूणघास घाला. तिच्यात कॅल्शियम १.४ टक्क्यांच्या आसपास असतं, तेवढ्या एका बदलाने बेरीज साधारण ४८ ला २९ होते, म्हणजे पावणेदोन पटीच्या जवळ. एकही डबा न आणता.

लगाम_सैल
कोंड्याला उगाच बदनाम करू नका. आमच्या घरी तीन पिढ्या घोडे आहेत आणि कोंडा कधी चुकला नाही. पोट साफ राहतं. हिवाळ्यात गरम कोंड्याचा लगदा दिला की दुसऱ्या दिवशी लीद कशी मऊ पडते ते बघा, पोटशूळ म्हणून माहीत नाही आम्हाला.

पागेतला_जुना
लीद मऊ पडते ती कोंडा रेचक असतो म्हणून नाही पडत. आठवड्यातून एकदा अचानक वेगळं खाणं आलं की आतड्यातले जंतू बिथरतात, त्याची ती मऊ लीद. घोड्याचं मोठं आतडं म्हणजे त्या जंतूंचाच कारभार आहे, त्यांना अचानक बदल सोसत नाही. म्हणूनच कोंडा काढायचा तोसुद्धा दहा-पंधरा दिवसांत हळूहळू. आणि तुमच्या घरी कोंड्यासोबत काय होतं तेही सांगा की. हिरवी लसूणघास पोटभर असेल तर तिच्यातल्या कॅल्शियमने कोंडा झाकला जातो, चौखूरकडे ती नाहीये.

लगाम_सैल
लसूणघास होती, ते खरंय. पण म्हणून कोंडा वाईट ठरत नाही.

गोठा_आणि_पागा
एवढं डोकं कशाला लावायचं. माझ्याकडे गाई आहेत, त्यांचं मिनरल मिक्श्चर आणतोच, त्यातलंच दोन चमचे घोड्याला. स्वस्त पडतं, मोठी पिशवी येते, तुमच्या बजेटमध्ये चार महिने निघतील.

दुडकी
थांबा थांबा, हे वाचून कोणी करू नका!!! गाईंच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत आणि मिश्रणांत मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असतं. गाईला ते चालतं, घोड्याला ते विष आहे, सरळ हृदयाच्या स्नायूवर जातं. वजनाच्या दर किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम एवढ्यात घोडा मरू शकतो आणि त्याला उतारा नाही. वाचला तरी हृदय कायमचं दुबळं राहतं, असा घोडा गाडीला जुंपला तर चालता चालता कोसळू शकतो. माझ्या ओळखीच्या पागेत गाईंचं खाद्य चुकून गेलं होतं, त्या दिवशीचं ते बघितलंय मी, घोडे घामाने भिजलेले, उभं राहवत नव्हतं. ज्या पिशवीवर घोड्यांसाठी असं लिहिलेलं नाही ती घोड्याच्या तोंडापर्यंत जाता कामा नये. गोठा नि पागा शेजारी असेल तर घमेली, बादल्या, मापं सगळं वेगळं ठेवा.

गोठा_आणि_पागा
माझ्या पिशवीत ते नाहीये, घटक वाचूनच घेतो मी. इतकी वर्षं देतोय.

दुडकी
तुमच्या पिशवीत नसेल हो, पण ती पिशवी ज्या मशीनमधून निघाली त्यात आधी काय मिसळलं होतं ते पिशवीवर छापत नाहीत. आणि इथे वाचणारा तुमचीच पिशवी घेईल असं नाही ना. शिवाय ते बनवलेलं गाईच्या गरजेनुसार, घोड्याचा हिशोब वेगळा.

अबलख
बॅलन्सरमध्ये असला काही धोका नाही, वर लिहिलंच आहे मी.

लांबपल्ला
मी लांब पल्ल्याच्या शर्यतींचे घोडे बघतो त्यामुळे मिठावर बोलतो, कारण सगळे तांबं-जस्त-बायोटिन करतायत आणि जे सगळ्यात आधी कमी पडतं त्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही. घोड्याचा घाम त्याच्या रक्तापेक्षा खारट असतो, माणसाचं तसं नाही. एका लिटर घामात आठ-नऊ ग्रॅम मीठ निघून जातं आणि उन्हात दुडकीवर तासाला कित्येक लिटर घाम जाऊ शकतो. ते पांढरे पट्टे तेच मीठ आहे. पट्टे दिसणं ही कमतरतेची खूण नाही, प्रत्येक घामाघूम घोड्याला ते येतात, पण किती जातंय ते दिसतं. माती नि फळी चाटणं मात्र मीठ कमी पडत असल्याचं लक्षण असू शकतं.

गवत, ओट, कोंडा यात सोडियम नावापुरतं. ४५० किलोच्या मध्यम कामाच्या घोड्याला सोडियम १६ ग्रॅम लागतं, मीठ म्हणून धरलं तर ४० ग्रॅमच्या थोडं वर. रोज तेवढं मोजून दाण्यात, दोन वेळा विभागून, जास्त घामाच्या दिवशी आणखी थोडं. साधं मीठ पुरतं, रंगीत इलेक्ट्रोलाइटच्या पुड्या रोज लागत नाहीत, त्यांच्यातल्या कितीतरींमध्ये साखरच जास्त असते. एक अट, मीठ दिलं की पाणी समोर पाहिजेच. तहानलेल्या घोड्याला पाणी न देता मीठ चारणं म्हणजे अंगातलं उरलेलं पाणीही आतड्यात ओढून घेणं.

आणि लगाम_सैल, वीट चाटून घोडा बरोबर तेवढं घेतो हे मिठापुरतं काही अंशी खरं आहे, बाकी खनिजांना ते लागू नाही. कॅल्शियम कमी पडलं म्हणून घोडा कॅल्शियम शोधत जात नाही. त्यात वीट बनते गाईच्या खरखरीत जिभेसाठी, घोड्याची जीभ मऊ, बरेच घोडे पुरेसं चाटतच नाहीत आणि काही कंटाळा आला की दातांनी फोडून खातात.

खरारा_ताई
मिठाबद्दल +१. तरी बायोटिन विसरू नका.

वीरनाल
कोणी सेलेनियम नि व्हिटॅमिन ई च्या इंजेक्शनचं बोललं नाही अजून. कामाच्या घोड्याला ते मारून घ्या, स्नायू मोकळे होतात, आमचा घोडा दुसऱ्या दिवशी वेगळाच चालत होता. आणि सोबत रक्त वाढवायचं लोहाचं टॉनिक. तकाकी नाही म्हणजे रक्त कमी.

पागेतला_जुना
दोन्ही नको, निदान असं ऐकून तरी नको. सेलेनियमची गरज एवढ्या घोड्याला दिवसाला जेमतेम १ मिलिग्रॅम, आणि गरज नि विषबाधा यांच्यातलं अंतर बाकी खनिजांपेक्षा खूप कमी. जास्त झालं की आयाळ नि शेपटीचे केस गळतात, खुराला आडव्या भेगा पडतात, म्हणजे तुम्ही खुरासाठी औषध द्याल नि खूरच जाईल. २००९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत फ्लोरिडात पोलोचे २१ घोडे एका दिवसाच्या आत गेले, त्यांना दिलेल्या इंजेक्शनच्या मिश्रणात सेलेनियमचं प्रमाण चुकलं होतं. रक्तात कमी आहे असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं तर घ्या, नाहीतर हात लावू नका. आणि दोन डबे एकत्र देत असाल तर दोन्हींवरचा सेलेनियमचा आकडा आधी बेरीज करून बघा, अबलख यांनी बॅलन्सरबरोबर आणखी एक सुचवलंय म्हणून मुद्दाम लिहितो.

व्हिटॅमिन ई ची गोष्ट वेगळी. ते हिरव्या गवतात भरपूर असतं आणि गवत वाळलं, साठवलं की झपाट्याने कमी होतं. हिरवं नसलेल्या कामाच्या घोड्याला ते खरंच कमी पडतं, तोंडाने देता येतं.

लोहाचं तर सांगूच नका. गवतातूनच घोड्याला गरजेच्या कितीतरी पट लोह मिळतं, मातीचा कण आला की अजून. रक्तक्षय झालेला घोडा असेल तर रक्त कुठे जातंय ते शोधा, जंत, जखम, अल्सर. वरून लोह घातलं की तांबं नि जस्त शोषायला अडथळा, आणि तकाकी, केसांचा रंग, खुराची भिंत ही सगळी कामं तांबं-जस्ताकडेच आहेत.

वीरनाल
माझ्या घोड्याला फरक पडला तो पडला. पुस्तकातलं वेगळं असतं.

नालेची_ठिणगी
चौखूर, एक विचारतो, दोन दिवस घोडा बांधलेला असतो तेव्हा ओट तेवढेच घालता का? हे कोणी विचारलं नाही म्हणून विचारतोय. आमच्या शेजारच्या पागेत एक घोडी होती, जोडसुट्टी आली, दाणा पूर्ण चालू, तिसऱ्या दिवशी जुंपली तर फर्लांगभरात थबकली. मागच्या पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे कडक, अंगभर घाम, आणि लघवी काळ्या कॉफीच्या रंगाची. स्नायू तुटून त्यांचा रंग मूत्रपिंडातून जात होता. तिला तिथून एक पाऊलही चालवलं नाही, डॉक्टर जागेवर आणले, म्हणून वाचली. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळपासून दाणा निम्म्याच्या खाली आणायचा, गवत तेवढंच किंवा जास्त. आणि बांधून ठेवण्यापेक्षा मोकळा फिरवायचा.

दुसरं, दीड-दीड किलो ओट एका वेळी या घोड्याला जास्तच होतात. स्टार्च एका खाण्यात वजनाच्या दर किलोला १ ग्रॅमच्या आत ठेवावा, म्हणजे याला साडेचारशे ग्रॅम स्टार्च, म्हणजे किलोभर ओट. तीन वेळा करा.

दुडकी
सुट्टीच्या दाण्याबद्दल पूर्ण अनुमोदन.

रिकीब
अवांतर होईल, पण फितीने ४५० म्हणजे नक्की किती? फिती हमखास चुकतात. वजन चुकलं तर वर मांडलेलं सगळं चुकलं. काट्यावर घेतलं पाहिजे.

पागेतला_जुना
काटा प्रत्येकाकडे कुठला. छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. घेर १८० नि लांबी १६५ असेल तर बरोबर ४५० येतं. नुसत्या घेराच्या फितीपेक्षा हे बरं, आणि दर पंधरवड्याला त्याच वेळी, त्याच माणसाने घेतलं की निदान वाढतोय की उतरतोय ते कळतं.

रिकीब
गाभण घोडीला हे चालत नाही हेही लिहा.

पागेतला_जुना
त्यांचा घोडा आहे हो, घोडी नाही.

चौखूर
सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. घेर आणि लांबी मोजली, ४४० च्या आसपास येतंय, म्हणजे फार फरक नाही. हो, सुट्टीलाही दाणा तेवढाच जात होता, तो आजपासून कमी केला. एक गोष्ट मात्र नवीन कळली. मुलगा कवळी मोजून गवत टाकतो, ती काल काट्याला लावली, दिवसाचं ७ नाही साडेपाचच भरतंय. या गंजीचं गवत हलकं आहे, मागच्यापेक्षा फुललेलं, कवळ तेवढीच दिसते.

कोंडा काढला तर ताकद कमी पडेल का, आणि लसूणघास इथे सलग मिळेल याची खात्री नाही.

पागेतला_जुना
हेच मुळाचं आहे. साडेपाच किलो म्हणजे वजनाच्या सव्वा टक्का. वाळलेला चारा दीड टक्क्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही, म्हणजे कमीत कमी साडेसहा-सात, आणि मला विचाराल तर आठ-नऊ घाला. फळी चावणं-चाटणं निम्मं यानेच थांबेल असं वाटतं, घोड्याचं पोट नि तोंड रिकामं राहिलं की तो लाकडालाच लागतो, अल्सरही त्यातूनच. वरचं माझं गणितही आता बदललं, कॅल्शियम २४ नि फॉस्फरस ३८, आणखी वाईट.

गवत वाढलं की ओट २ किलोवर आणता येतील. ताकद कमी वाटली तर तेल, चहाचा अर्धा कप इथून सुरू करून हळूहळू, पण तेल वाढवलं की व्हिटॅमिन ई वाढवावं लागतं. लसूणघास नाही मिळाली तर चुनखडी पावडर, खाद्य दर्जाची, तिच्यात कॅल्शियम ३८ टक्क्यांच्या आसपास. ५० ग्रॅम दिली की १९ ग्रॅम कॅल्शियम. भिंतीला लावायचा चुना नव्हे, तो तोंड नि अन्ननलिका भाजतो.

गोठा_आणि_पागा
डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) घ्या ना मग, हाडांसाठी तेच देतात.

पागेतला_जुना
डीसीपीत फॉस्फरसही १८ टक्के असतो. इथे फॉस्फरस आधीच जास्त आहे, त्यात अजून कशाला घालायचा.

वैरणवाला
गवत कुठलं आहे ते कोणी विचारलं का? नेपियर, सेटारिया, किकुयू यांसारख्या गवतांत ऑक्झलेट नावाचं संयुग असतं, ते कॅल्शियमला धरून बसतं आणि तसंच लिदीतून निघून जातं. कागदावर कॅल्शियम ठीक दिसतं, घोड्याला मिळतच नाही. गाईला चालतं, तिच्या पोटातले जंतू ते फोडतात. आणि गवत एकदा प्रयोगशाळेत द्या, पंधरा-वीस गठ्ठ्यांच्या आतून थोडं थोडं काढून मिसळून, नुसता वरचा मूठभर नको. बाकी सगळे आकडे सरासरीचे आहेत, सरासरी गवत कोणाच्याच गंजीत नसतं.

वीरनाल
त्यापेक्षा रक्त तपासा, एका दिवसात कळतं.

वैरणवाला
रक्तातलं कॅल्शियम हाडं विरघळेपर्यंत शरीर बरोबर सांभाळून ठेवतं, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल येतो आणि माणूस निर्धास्त होतो. केस पाठवून खनिजं सांगणारेही आहेत, त्यावर माझा भरवसा नाही. चारा तपासा.

अबलख
तपासणीचा खर्च, चुनखडी, तेल, व्हिटॅमिन, एवढं करण्यापेक्षा बॅलन्सर. मी पहिल्याच प्रतिसादात लिहिलं होतं.

चौखूर
ठरवलं, सांगून टाकतो. या महिन्यात कुठलाच डबा घेत नाही. त्या पैशात गवत वाढवतोय, ८ किलो, काट्यावर मोजून जाळीच्या पिशव्या सकाळीच भरून ठेवणार म्हणजे मुलाला नुसत्या टांगायच्या. कोंडा पंधरा दिवसांत शून्यावर. ओट २ किलो, सकाळी दुपारी मी आणि संध्याकाळचा वाटा तो. चुनखडी नि मीठ माझ्याच हाताने, म्हणजे दोनदा पडणार नाही की राहणार नाही. लसूणघास मिळाली की चुनखडी बंद. गवत साधं कुरणाचं आहे, नेपियर वगैरे नाही. बायोटिन, बॅलन्सर, वीट, इंजेक्शन, तूर्त काही नाही. मूळ खुराक सरळ झाल्याशिवाय त्याला काय कमी आहे हे मलाच कळणार नाही.

खरारा_ताई
हे पटलं नाही. खूर फुटतायत ते आज फुटतायत, आणि आज सुरू केलं तरी फरक वर्षाने दिसतो. म्हणजे तुम्ही एक-एक महिना पुढे ढकलताय.

पागेतला_जुना
यावेळी मी ताईंच्या बाजूने. कॅल्शियमचं जुळेल, मिठाचं जुळेल, पण ८ किलो गवत नि २ किलो ओट यातून तांबं मिळून मिळून साठेक मिलिग्रॅम मिळेल, गरज शंभरची. जस्त सव्वादोनशे-अडीचशे, गरज चारशेची. गवत वाढवून ती तूट भरत नाही, ती गवतातच आहे. साधी तांबं-जस्ताची पावडर, लोह नसलेली, तांब्याच्या तिप्पट-चौपट जस्त असलेली, एक डबा दोन महिने जातो. तुमच्या बजेटमध्ये बसते. विचार करा.

चौखूर
पुढच्या महिन्यात गवताची तपासणी करतो, तांबं-जस्ताचा आकडा हातात आला की ती पावडर, त्याच्याआधी नाही. नालबंदाला खुराच्या वरच्या किनारीजवळ रेघ मारून ठेवायला सांगितलंय, नवीन वाढ किती नि कशी येते ते तिच्यावरून बघेन.

लांबपल्ला
मीठ नि चुनखडी ओट थोडे ओले करून त्यात मिसळा, कोरडी टाकली तर तळाशी राहते आणि घोडा वरचे ओट खाऊन घमेलं ढकलून देतो. आणि चमचा एकदा काट्यावर मोजून घ्या, चुनखडी नि मीठ एकाच चमच्यात सारखं भरत नाही.

तट्टूवाली
माझ्या ११० किलोच्या तट्टाला हेच प्रमाण चालेल का? तो काम करत नाही, नुसता खातो.

दुडकी
अजिबात नाही, त्याला ओटच नको. नवीन धागा काढा, सविस्तर लिहिते.